दुसऱ्या खुर्चीचा श्वास

चमचा वाटीच्या काठावर टणकन आपटला आणि दुपारची शांतता मोडली.

मी ओट्यापाशी उभी राहून रीड भिजवत होते. रीड म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायची वेताची पातळ पट्टी. वाजवण्याआधी ती जिभेवर धरून ओली करावी लागते. तेवढा वेळ मला बोलता येत नाही, आणि हे टिल्लूला पक्कं ठाऊक असल्यामुळे त्याचे सगळे उद्योग नेमके त्याच वेळात चालतात. आधी चमचा, मग दूध, मग टेबलावर सांडलेल्या दुधातून बोटानं काढलेली नदी. मी डोळे वटारले. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. नदीच्या काठाकाठानं बोट नेत तो गुणगुणायला लागला.

दोन-तीन सुरांतच माझ्या अंगावर काटा आला. तो गाण्याची चाल गुणगुणत नव्हता. चाल काय, एकदा ऐकली की कुणीही गुणगुणतं. तो दुसऱ्या ऑल्टोचा भाग गुणगुणत होता. म्हणजे माझा.

जॅझच्या मोठ्या बँडमध्ये पाच सॅक्सोफोनवाल्यांची एक रांग असते. ऑल्टो म्हणजे त्यातला वरच्या आवाजाचा सॅक्स. पहिला ऑल्टोवाला चाल वाजवतो. त्याच्या शेजारी दुसरा. दुसऱ्याचं काम म्हणजे चालीच्या जरा खालून, तिच्या पोटाशी लागून चालत राहायचं. उशीतल्या कापसासारखं. असतो म्हणून डोकं टेकतं, पण अभ्रा काढून कापूस बघायला कुणी जात नाही. तर असलं कुणाच्या कानात न राहणारं वाजवणं माझं चार वर्षांचं पोर सूर न चुकता गुणगुणत होतं.

लेकाला कान आहे! रीड तोंडात होती म्हणून बरं, नाहीतर मी ओरडलेच असते.

मग त्यानं श्वास घेतला.

लांबलचक ओळीच्या ऐन मध्यावर, सूर उतरत उतरत एका पायरीवर टेकतो तिथे, त्यानं एक छोटासा चोरटा श्वास घेतला आणि पुढे गेला. मी म्हटलं, लहान आहे, दम लागला असेल. पण तो परत पहिल्यापासून सुरू झाला आणि परत तिथेच. पुन्हा एकदा, तरीही तिथेच. दम लागलेलं पोर कुठेही श्वास घेतं. हा शिकवलेला श्वास होता.

आणि मी तिथे श्वास घेत नाही. ती अख्खी ओळ मी एका दमात काढते. बाळंतपणानंतर तो दम परत आणायला काय काय करावं लागलं ते माझं मला माहीत, त्यामुळे त्या ओळीचा मला जरा गर्वच होता.

मी रीड तोंडातून काढली. "टिल्लू, हे कुणी शिकवलं रे?"

"खारूताईनं."

"मध्ये श्वास घ्यायचा, तेपण?"

"हो. हळूच घ्यायचा. म्हणजे कुणाला कळत नाही." मग वाटीकडे बघून तो गंभीरपणे म्हणाला, "आई, दूध सांडलं." जणू ते आपण होऊन सांडलं होतं.

मी फडकं घेतलं, टेबल पुसलं, फडकं पिळलं, आणि मग बघते तर रीड कचऱ्याच्या डब्यात आणि दुधाचा चमचा सॅक्सच्या पेटीत ठेवलेला.

खारूताई कोण, ते सांगते. त्याआधी मी त्या खुर्चीवर कशी जाऊन बसले ते सांगायला हवं.

टिल्लू पोटात असताना मी वाजवणं थांबवलं. त्याआधी हॉटेलं, लग्नं, जाहिरातींचं रेकॉर्डिंग, जिथे बोलावतील तिथे वाजवायचे. परत यायचं ठरवलं तर कुणी फोनच उचलेना. आमच्या धंद्यात माणूस दिसेनासं झालं की गेल्यातच जमा. आणि मग एके सकाळी एका कॉलेजचा बँड चालवणाऱ्या सरांचा फोन आला. "आमच्या बँडमध्ये दुसऱ्या ऑल्टोची खुर्ची रिकामी आहे. बसाल का?"

कॉलेजच्या बँडमध्ये एखाददुसरा धंदेवाईक वादक बसवायची पद्धत जुनीच आहे. पोरांची रांग जिथे लटपटते तिथे एक टेकू. अट एकच, पुढं पुढं करायचं नाही. सोलो पोरांचा, टाळ्या पोरांच्या. माझ्यासारखेच तिथे बसणारे एक ट्रॉम्बोनवाले काका आहेत. त्यांनी पहिल्याच तालमीला मला समज दिली होती. "आपण भाडेकरू, पोरी. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. दिवा गेला तरी मालकाला विचारून बदलायचा."

मला भाडेकरू व्हायला काहीच हरकत नव्हती. एक तर खुर्ची मिळाली होती. आणि शनिवारच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून ज्या बाई येणार होत्या, त्यांचा स्वतःचा बँड बारा महिने काम करतो आणि त्यांची दुसरी ऑल्टोवाली सोडून चालली होती. "मी तुमच्याबद्दल बोललोय त्यांच्याशी. शनिवारी नीट ऐकतील तुम्हाला," सर म्हणाले होते. तेव्हापासून मी भांडी घासताना, टिल्लूला आंघोळ घालताना, जिन्यावरून उतरताना, सगळीकडे मनातल्या मनात शनिवारच वाजवत होते.

अडचण एकच होती. टिल्लूचे बाबा रक्त तपासायच्या लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीला असतात. पोराला ठेवायचं कुठे? त्यावरही सरांनी तोडगा काढला. "घेऊन या की. आमच्या कॉलेजची एक मुलगी बघेल त्याला."

तीच ही खारूताई. बारीकशी, मोठ्या खिशांचा कोट घालणारी, त्या खिशांतून दाणे, खडू, रबरबँड, गोळ्या असं काहीही काढणारी. नाव टिल्लूनं ठेवलं आणि तिनं ते हसून घेतलं. तालमीच्या हॉलला लागूनच वाद्यं ठेवायची खोली आहे. नगाऱ्याएवढे ढोल, कापडात गुंडाळलेले माणसाएवढे डबल बास, तुटकी स्टँडं. त्यात एका उपड्या खोक्यावर ती दोघं बसायची. दार किलकिलं असायचं. मी वाजवून यायचे तेव्हा टिल्लू तिच्या मांडीवर पेंगत असायचा, आणि मी म्हणायचे, "किती गं गुणाची तू. थँक यू हं." ती मान हलवायची. तू काय वाजवतेस, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. दमलेली असायचे. पोराला उचलायचं, पेटी उचलायची, बस गाठायची.

त्या दिवशी शेवटची तालीम होती. जाताना बसमध्ये टिल्लू खिडकीला नाक लावून तेच गुणगुणत होता. तेच, तिथेच श्वास घेऊन. आणि मला एक गोष्ट आठवली.

त्या लांब ओळीवर रांगेतल्या सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर सुरात भोक पडतं. म्हणून प्रत्येकाची चोरून श्वास घ्यायची जागा वेगवेगळी ठरवतात. एकानं घेतला की बाकीचे तेवढ्यापुरते किंचित जोर लावतात आणि त्याची जागा भरून काढतात. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. आता, मी तिथे रुजू झाले त्या पहिल्या तालमीपासून ही पोरं त्या ओळीच्या मध्यावर, सूर पायरीवर टेकतो नेमक्या तिथे, फुगायची. कारण काहीच नाही. कुणी श्वास घेत नव्हतं आणि तरी चौघंही जोर लावायची. मला ती त्यांची खोड वाटली. मी एकदा वाद्य खाली ठेवून, भाडेकरू असूनही, म्हटलंसुद्धा, "अरे, इथे का फुगवता सगळे? इथे काही नाहीये."

पहिल्या खुर्चीवरचा चष्मेवाला मुलगा आपल्या बुटांकडे बघत राहिला. आणि पुढच्या वेळी पोरं परत फुगली.

इथे काही नाहीये, असं मी म्हणाले होते.

आम्ही पोचलो तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या मांडणं चाललं होतं. खारूताई खोलीत आली होती, खोकं पुसत होती. टिल्लू धावत जाऊन तिच्या खिशात हात घालायला लागला. मी दार लोटून घेतलं.

"टिल्लू, ते म्हणून दाखव बरं ताईला. मघाचं."

त्यानं म्हटलं. आईसमोर, ताईसमोर, छाती काढून. श्वासाच्या जागी त्यानं बोट ओठावर ठेवलं, गुपित असल्यासारखं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिच्या उजव्या हाताकडे बघितलं. फडकं धरलेल्या अंगठ्यावर, पेराच्या कडेला, कडक पिवळट घट्टा होता. वाजवताना सॅक्सोफोनचा तोल त्या अंगठ्यावर सांभाळायचा असतो. तसाच माझ्याही अंगठ्याला आहे. ज्यांच्याबरोबर आयुष्यभर वाजवलं त्या सगळ्यांचे अंगठे मी न बघताही ओळखते. हिच्या हातातून रोज माझं पोर उचलून घ्यायचे आणि हा अंगठा मला दिसला नव्हता.

"कुठली खुर्ची तुझी?" मी विचारलं. उत्तर मला कळलेलंच होतं.

ती गोंधळली. "म्हणजे? मॅडम, तुम्ही बसता तीच ना."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही यायच्या आधी." मग माझ्या तोंडाकडे बघत ती हळूहळू म्हणाली, "तुम्हाला... मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"मला कसं माहीत असेल?"

"तुम्ही रोज मला इतक्या गोड आवाजात थँक यू म्हणायचात, मला वाटलं त्याबद्दलच म्हणताय."

मला कुणी मुस्काटात मारली असती तरी चाललं असतं. मी त्या उपड्या खोक्यावर बसले. टिल्लूला वाटलं खेळ आहे, तो माझ्या मांडीवर चढला.

"तुला राग नाही आला?"

"आला ना." तिनं फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. "पहिल्या दिवशी वाटलं, ह्या पोराला चिमटा काढावा. मग ह्यानं मला विचारलं, तू खार आहेस का. मग काय करणार?" ती जराशी हसली, आणि लगेच थांबली. "दार उघडं ठेवलं की तुमचं वाजवणं नीट ऐकू यायचं. पण ती ओळ... ती तुम्ही एका दमात घेता. मला तिथे दरवेळी गुदमरायला व्हायचं. म्हणून ह्याच्या कानात मी माझी म्हणायचे."

सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला स्टँडांची उंची बघत होते. मी टिल्लूला काखोटीला मारून गेले. मला वाटलं होतं मी आवाज चढवीन. पण मी हळूच म्हटलं.

"खुर्ची रिकामी आहे म्हणाला होतात."

सरांनी माझ्यामागे, खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. "होती ना रिकामी. तुम्ही हो म्हणालात, त्या दिवशी केली."

"आणि तिला पोर सांभाळायला बसवलंत."

"तीच म्हणाली मी बघेन. सक्ती नाही केली हो कुणी. पोरगी चांगली आहे, पण दम कमी पडतो. स्पर्धा आहे. दोन बाहेरचे वादक चालतात, नियमात बसतं सगळं."

"नियमात सगळंच बसतं, सर. खुर्चीत एकच बसतं."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. पोरांना तुमच्यासारख्यांच्या शेजारी बसून शिकायला मिळतं, म्हणून तर करतो आम्ही हे."

"शेजारी? तिला तुम्ही ढोलांच्या शेजारी बसवलंत."

ट्रॉम्बोनवाले काका आपली पेटी उघडता उघडता थांबले होते. मी त्यांच्याकडे वळले. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, पोरी." त्यांनी मान खाली घातली नाही, हेच मला जास्त लागलं. "मला वाटलं तू विचारून बसलीस. नवीन घरात जाताना विचारतोच ना आपण, आधी कोण राहत होतं म्हणून."

सगळ्यांना माहीत होतं. ज्या रांगेत बसून मी रोज सुराला सूर लावत होते, त्या रांगेतला प्रत्येक जण रोज एका दुसऱ्याच मुलीच्या श्वासासाठी जागा करत होता. मी तिथे बसलेले असताना. माझ्या कानाशी. आणि कान हीच माझी रोजीरोटी.

पुढे मी जे केलं ते विचार करून केलं असं म्हणणार नाही. विचार करता येईल अशी मी नव्हतेच तेव्हा. मी म्हणाले, "मी आज बसत नाही. शनिवारीपण नाही. दोन दिवसांत दुसरं कुणी मिळत असेल तर बघा."

मिळणार नव्हतं. मलाही माहीत होतं, सरांनाही. त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "त्या बाई शनिवारी तुम्हाला ऐकायला येतायत. मी परत परत असं कुणाला सांगू शकणार नाही. कळतंय ना तुम्हाला?"

कळत होतं.

खारूताई उडी मारून तयार होईल असं मला वाटलं होतं बहुतेक. ती खोलीच्या दारात उभी राहून चक्क रागावली. "मला न विचारता का सांगितलंत तुम्ही? माझी बोटं जड झालीयेत. एवढ्या सगळ्यांसमोर फजिती होईल माझी. उठवलं तेव्हाही मला कुणी विचारलं नाही आणि आता बसवतानाही नाही."

तिचं बरोबर होतं. मी फक्त माझ्या गळ्यातला पट्टा काढला, सॅक्सचं वजन ज्याच्यावर लटकतं तो, आणि तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. स्वतःचा पट्टा तिच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. रोज असायचा म्हणे. दाण्यांच्या खाली.

तो गळ्यात अडकवून, खोलीतला आपला सॅक्स उचलून ती जाऊन बसली. तिला बघून रांग हसली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. चष्मेवाल्यानं फक्त आपली खुर्ची जराशी सरकवली, पूर्वी असेल तेवढी. मी टिल्लूला घेऊन खोलीत गेले आणि तिच्या जागी, उपड्या खोक्यावर बसले. दार किलकिलं ठेवलं.

पहिलं गाणं वाईट झालं. ती दोनदा उशिरा आली, एकदा तर साफ चुकीचा सूर लागला आणि ट्रम्पेटवाल्या एका पोरानं मागे वळून बघितलं. आणि मला... लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. बघा, असं काहीतरी आत वाटलं. टिल्लूनं माझ्या गालावर हात ठेवला म्हणून मी भानावर आले.

मग ते गाणं. लांब ओळ सुरू झाली. पहिला वर, दुसरी खाली, बाकीचे त्यांच्या मागे. माझी बोटं आपोआप टिल्लूच्या पाठीवर हलायला लागली. सूर उतरत आला, उतरत आला, पायरीवर टेकला.

तिनं श्वास घेतला. चौघं फुगले.

आणि भोक पडलंच नाही. ओळ एखाद्या झोक्यासारखी, जराशी दबून, उचलून, पुढे निघून गेली. ती खोड नव्हती. ते तसंच लिहिलेलं असावं इतकं बरोबर होतं. मी एका दमात वाजवत होते तेव्हा तिथे जे जड, सुजल्यासारखं वाटायचं ते माझ्यामुळे होतं. एवढी वर्षं वाजवतेय मी. मांडीवर टिल्लूनंही त्याच जागी श्वास घेतला, बोट ओठावर ठेवून, आणि माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं.

गाणं संपलं. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. कुणीतरी काहीतरी विनोद केला आणि दोघं-तिघं हसली, त्यात तिचा आवाज होता की नाही ते मला कळलं नाही. सर म्हणाले, "पुन्हा एकदा, वरपासून."

टिल्लूनं दारातून वाकून बघितलं. बागेत घसरगुंडीवर आम्ही रोज भांडतो. सगळं त्यालाच हवं असतं, आणि मी रोज त्याला तेच समजावते, थांब, आता त्या मुलीचा नंबर आहे, तिचं झालं की तुझा. हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यानं बराच वेळ बघून खात्री करून घेतली, आणि मग माझ्या कानाशी तोंड आणून, हॉलमध्ये ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात विचारलं,

"आई, ताईचं झालं की मग तुझा नंबर ना?"